संगीत कुठे थांबलं, ते ऐका

‘सैराट’ पाहिलेल्या कोणालाही विचारून पाहा, शेवटच्या प्रसंगात कोणतं संगीत वाजतं? उत्तर बहुधा असं येतं : ‘व्हायोलिन असावं, काहीतरी करुण होतं.’ प्रत्यक्षात तिथे काहीही वाजत नाही. शेजारीण लहानग्याला घरी आणून सोडते, समोरचं दृश्य त्याला दिसतं आणि चित्रपटाचा आवाजच जातो. मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. रक्ताने माखलेली इवली पावलं उमटत जातात, तरी एक सूर नाही.

याच चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीतला सोनीचा स्कोअरिंग स्टेज गाठला होता. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत ज्या जागेत ध्वनिमुद्रित झालं, तीच ही जागा. भारतीय चित्रपटाचं संगीत तिथे ध्वनिमुद्रित होण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे संगीतकारांच्या हाताशी जगातला उत्तम वाद्यवृंद होता आणि चित्रपटातल्या सगळ्यात जड क्षणी त्यातलं एकही वाद्य वाजलं नाही. हा निर्णय कानाने ओळखता आला, की कमी सुरांच्या, तरीही आत खोलवर जाणाऱ्या पार्श्वसंगीताची गोडी लागायला वेळ लागत नाही. ती कशी लावून घ्यायची, त्यासाठी हा लेख.

आपल्या नगरकरांना याची सुरुवात घरच्याच माणसापासून करता येते. ‘सैराट’ आणि ‘फँड्री’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे संज्ञापनशास्त्र शिकले ते इथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच शिक्षणाचा भाग म्हणून तयार झाला. आपल्या सावेडीतून लालटाकीच्या त्या महाविद्यालयात जायला वेळ तो कितीसा लागतो! ‘फँड्री’ची गोष्ट ज्या अकोळनेरात घडते, तेही शहराजवळचंच गाव. तेव्हा ‘पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं आपल्याला काय कळणार’ असं म्हणून बाजूला होण्याचं कारण नाही. ज्या दोन चित्रपटांवर कान तयार करायचा, ते आपल्या मातीतले आहेत आणि त्यांतली माणसं आपल्या ओळखीची आहेत.

आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या. आजच्या बहुतेक टीव्हींमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘क्लिअर व्हॉइस’, ‘नाइट मोड’ अशा नावांच्या सोयी असतात. हळू आवाज वर उचलायचा, मोठा आवाज खाली दाबायचा आणि संवाद पुढे आणायचे, एवढंच त्यांचं काम. बातम्यांसाठी ते ठीक आहे. पार्श्वसंगीतासाठी मात्र हे घातक, कारण संगीतकाराने जो सूर जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवला, तो या सोयी संवादाच्या बरोबरीला आणून बसवतात किंवा पार पुसून टाकतात. हे सगळं बंद करा. पात्र आपल्या समोरच्या खुर्चीत बसून बोलतं आहे असं वाटेल इतका आवाज एकदा लावा आणि मग चित्रपट संपेपर्यंत रिमोटला हात लावू नका. शांत प्रसंग आला की आवाज वाढवण्याची आपल्याला सवय असते. ती मोडायला हवी, कारण तिथे कान टवकारून ऐकावं लागणं हाच अनुभवाचा भाग असतो. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बारीक असल्याने खालच्या पट्टीचे सूर त्यांतून गळून जातात. साधे, कान झाकणारे हेडफोन असले तरी मोठा फरक पडतो.

सावेडीत दिवसा असं ऐकणं अवघडच. मनमाड रोडची अवजड वाहनं, पाइपलाइन रोडवरचे हॉर्न, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. रात्री साडेदहानंतर वस्ती निवते, तेव्हा बसा. उन्हाळ्यात कूलर बंद करता येत नाही आणि कूलरची घरघर नेमकी चेलो आणि डबल बास या खालच्या तारवाद्यांच्या पट्टीत येते. म्हणून हा उद्योग हिवाळ्यात जास्त साधतो. पंखाही बंद, खिडक्याही बंद.

आता खरा अभ्यास. कागद आणि पेन्सिल घ्या. ‘फँड्री’ लावा आणि पहिला अर्धा तास पाहताना एवढंच टिपत जा : संगीत आलं, किती वाजून किती मिनिटांनी, संगीत गेलं, किती वाजून किती मिनिटांनी. पडद्यावर कोपऱ्यात वेळ दिसतेच. ‘दुःखद’, ‘गोड’, ‘भीतिदायक’ असले शब्द लिहायचे नाहीत. फक्त आलं आणि गेलं.

आम्ही सावेडीतले काही जण महिन्यातून एकदा प्रोफेसर कॉलनीजवळच्या एका घरी असे चित्रपट पाहतो. कागदपेन्सिलचा हा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा संगीत ‘आलं’ हे जवळजवळ सगळ्यांनी टिपलं होतं. ‘गेलं’ मात्र बहुतेकांच्या कागदावर नव्हतंच. नववीतल्या एका मुलीच्या कागदावर दोन्ही रकाने भरलेले होते. तिने आणखी एक गोष्ट टिपली होती : एका ठिकाणी संगीत संपलं तेव्हा दृश्य चालूच होतं, माणसं तिथेच होती, बोलणंही तेच होतं. कोपऱ्यात बसलेल्या आजी आयुष्यभर भजनाला बसलेल्या. त्या म्हणाल्या, ‘गाणं चालू आणि मागचा तानपुरा बंद झाला, तर गाणाऱ्याला कसं उघडं पडल्यासारखं होतं, तसं झालं तिथे.’ पार्श्वसंगीताचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. खाली धरलेला सूर काढून घेतला की पात्र एकटं पडतं. तो सूर होता हे तोपर्यंत आपल्या लक्षातही आलेलं नसतं.

ही जाग एकदा आली की पुढचं सोपं होतं. संगीत का आलं, यापेक्षा ते आत्ताच का आलं, आधीच्या वाक्यावर का नाही, हा प्रश्न विचारायला लागा. चांगला संगीतकार क्वचितच अश्रूंवर संगीत सुरू करतो. तो अश्रूंच्या थोडं आधी येतो, किंवा अश्रू ओघळून गेल्यावर, पात्र उठून पाणी प्यायला जातं तेव्हा येतो. पहिल्या प्रकारात संगीत आपल्याला तयार करतं; दुसऱ्या प्रकारात आपण स्वतः रडून घेतलेलं असतं आणि संगीत आपल्याला सावरायला येतं. मला दुसरा प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात प्रेक्षकाला काय वाटावं हे त्याच्यावर सोडलेलं असतं.

हे काही आपोआप घडत नाही. चित्रपटाचं संकलन होत आलं, की दिग्दर्शक आणि संगीतकार संगीताशिवायचा चित्रपट एकत्र बसून पाहतात आणि प्रत्येक प्रसंगाला संगीत हवं की नको, हवं तर कोणत्या नजरेपासून कोणत्या हालचालीपर्यंत, हे ठरवतात. म्हणजे ‘नको’ हाही तितकाच विचार करून घेतलेला निर्णय असतो. मंजुळ्यांच्या चित्रपटांत हा ‘नको’ फार ठामपणे ऐकू येतो. ‘फँड्री’त डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, तो प्रसंग आठवा. तिथे बाहेरून एक स्वरही घालण्याची गरज नाही. राष्ट्रगीत गोष्टीच्या आतूनच येतं, पात्रांनाही ऐकू येतं आणि त्याच्यामुळेच पुढचं सगळं घडतं. जत्रेतली हलगीही तशीच, गोष्टीतली. आपल्या टिपणात म्हणून दोन वेगळ्या खुणा ठेवा : पात्रांना ऐकू येणारं संगीत आणि केवळ आपल्याला ऐकू येणारं संगीत. ‘फँड्री’चं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे, ज्यांनी पुढे ‘ट्रॅप्ड’लाही संगीत दिलं. हलगीने गाव दणाणून सोडलेल्या चित्रपटात आपलं संगीत केवढं ठेवायचं, याचा निर्णय त्यांना घ्यायचा होता, हे ध्यानात ठेवून दुसऱ्यांदा ऐका.

आता वाद्यांची ओळख. इथे घाई करू नका, कारण आनंदाचा मोठा वाटा इथेच आहे.

वाद्यवृंदाचा कणा म्हणजे गजाने वाजवायची तारवाद्यं : व्हायोलिन, त्याहून जरा मोठा आणि घोगरा व्हायोला, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा चेलो आणि उभ्याने वाजवायचा डबल बास. कमी सुरांच्या संगीतात चेलोला फार काम असतं. त्याची पट्टी पुरुषाच्या आवाजाच्या जवळची, त्यामुळे शब्द नसतानाही कोणीतरी बोलतंय असा भास होतो. व्हायोला ओळखणं सगळ्यात कठीण आणि एकदा ओळखता आला की सगळ्यात जवळचा वाटतो.

एक व्हायोलिन हळू वाजवणं आणि बारा व्हायोलिन मिळून हळू वाजवणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकटं व्हायोलिन कितीही हळू वाजलं तरी त्यात गज तारेवर घासल्याची खरखर ऐकू येते, वाजवणाऱ्याचा हात कळतो. बारा जण एकाच स्वरावर आले की प्रत्येकाच्या कडा एकमेकांत विरघळतात आणि माणूस नाहीसा होऊन नुसतं वातावरण उरतं. दृश्यात एक माणूस एकटा बसला आहे. त्याच्यावर एकटं व्हायोलिन ठेवलं तर संगीत त्याच्या आतलं बोलतं. बारा व्हायोलिन ठेवली तर संगीत त्याच्याकडे बाहेरून, लांबून पाहतं. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये जॉन विल्यम्स यांनी मुख्य धून इत्झाक पर्लमन यांच्या एकट्या व्हायोलिनला दिली आणि बाकीचा वाद्यवृंद मागे ठेवला. लाखोंच्या संहाराच्या गोष्टीत एकच आवाज पुढे आला, म्हणूनच तो सहन होत नाही.

तारवाद्यांच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या लाकडी पुलावरून जातात त्यावर, रबराचा किंवा लाकडाचा एक छोटा तुकडा बसवतात. त्याला म्यूट म्हणतात. तो बसवला की स्वराची चकाकी जाते आणि आवाज पडद्याआडून आल्यासारखा होतो. गजाचा दाब कमी, वेग कमी, बोटाचा कंपही काढून टाकलेला असेल तर स्वर अगदी सरळ आणि थंड होतो. हे कानाला एकदा सापडलं की मराठी, हिंदी, इंग्रजी अशा कितीतरी चित्रपटांत सापडत राहतं.

फुंकून वाजवायच्या वाद्यांत ओबो आधी ओळखा. दोन पातळ पात्या एकमेकींवर बांधून त्यांतून फुंक घालायची, म्हणजे आपल्या सनईच्याच कुळातलं वाद्य. सनई ज्याने लग्नामांडवात ऐकली आहे त्याला ओबो परका वाटायचं कारण नाही. आवाज बारीक, थोडा नाकातला आणि विलक्षण एकाकी. क्लॅरिनेट त्यामानाने गोल आणि उबदार. फ्रेंच हॉर्न हे पितळी वाद्य, पण हळू वाजवलं की दूर डोंगरापलीकडून हाक आल्यासारखं. सुरुवातीला हे चार-पाच आवाज पुरेत.

ओबोचा परिणाम अनुभवायचा असेल तर २००० सालचा ‘कास्ट अवे’ जरूर पाहा. विमान अपघातातून वाचलेला माणूस एका निर्जन बेटावर वर्षानुवर्षं अडकतो. त्या बेटावरच्या साऱ्या भागात संगीतकार ॲलन सिल्व्हेस्ट्री यांचा एकही सूर नाही. ध्वनी करणाऱ्यांनी तर पक्षी आणि किडेसुद्धा काढून टाकले. उरले लाटा, वारा आणि नारळ पडल्याचा आवाज. तराफा घेऊन तो माणूस लाटांची भिंत पार करतो, वळून बेटाकडे पाहतो, तेव्हा पहिल्यांदा वाद्यवृंद येतो. ओबोवरची ती धून साधी आहे, थोड्याच स्वरांची. ती इतकी हलवून जाते याचं कारण त्या आधीच्या तासाभरात आहे. म्हणूनच ही धून मोबाइलवर सुटी ऐकून चालत नाही. पार्श्वसंगीताचा अल्बम ऐकायला माझी ना नाही, पण तो चित्रपट पाहिल्यावर ऐका, आधी नव्हे.

आपल्या देशात या बाबतीत सत्यजित राय यांनी १९५५ साली ‘पथेर पांचाली’त जे केलं, ते प्रत्येकाने एकदा पाहायलाच हवं. मुलगी दुर्गा गेल्याचं बापाला, हरिहरला, ठाऊक नाही. तो परगावाहून परत येतो, आणलेल्या वस्तू एकेक दाखवतो, मुलीसाठी आणलेली साडी तिच्या आईच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती साडी तोंडाशी दाबून आई कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी तार-शहनाईचे वरच्या पट्टीतले स्वर येतात. तार-शहनाई म्हणजे कर्णा जोडलेला इसराज. तो वाजवला होता दक्षिणामोहन टागोर यांनी. संगीत रविशंकरांचं, आणि ते जवळजवळ सगळं एकाच रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झालं. इथे वाद्यवृंद नाही, वाद्यं मोजकीच आहेत. पण माणसाचा आवाज काढून तिथे वाद्य ठेवणं आणि ‘सैराट’मध्ये माणसाचा आवाज काढून तिथे काहीच न ठेवणं, हे दोन प्रसंग एकाच रात्री पाठोपाठ पाहा. दोन्हीकडे रडणं दिसतं आणि ऐकू येत नाही. एकात दुःखाला वाट मिळते, दुसऱ्यात मिळत नाही. मंजुळ्यांना ती द्यायचीच नव्हती, असं माझं मत आहे.

‘सैराट’ पुन्हा पाहताना सुरुवात गाण्यांपासून करा. नायक परश्या विहिरीकडे धावत सुटतो तिथून ‘याड लागलं’चा जो वाद्यवृंद उसळतो, तो मोठ्या आवाजात, मनसोक्त ऐका. करमाळ्याकडची रानं, ऊस, विहीर, आणि त्यावर साता समुद्रापलीकडच्या वादकांचा ताफा. हे आधी कानात पुरतं भरून घ्या. मग जोडपं हैदराबादेत पोहोचल्यावर कागद काढा. झोपडपट्टी, डोशाची गाडी, भांडणं, कारखाना. आता संगीत किती वेळा येतं, किती कमी वाद्यांत येतं आणि कधी येतच नाही, ते टिपा. पूर्वार्धात संगीत त्या दोघांच्या डोक्यातलं जग होतं. ते जग जसजसं झडतं तसतशी वाद्यं कमी होतात. हे उतरत जाणं कळलं की शेवटची शांतता अचानक टाकलेली युक्ती वाटत नाही. तासाभरापासून ती येतच होती.

आणखी एक प्रयोग. तुमच्या आवडीचा एखादा तीन मिनिटांचा प्रसंग निवडा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका आणि मग नेहमीसारखा पाहा. आवाज बंद असताना प्रसंग तुम्हाला जसा वाटला होता तसाच संगीतासह वाटत असेल, तर संगीत तिथे पाणक्याचं काम करतं आहे, दृश्यात होतं तेच पुन्हा वाहून आणतं आहे. काहीतरी वेगळं कळलं, पात्राने लपवलेलं काही सापडलं, तर ते संगीत कामाचं. आपल्या रोजच्या मालिकांनी या बाबतीत आपल्या कानांचं नुकसान केलं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. सासूने मान वळवली की दणका, सुनेने मान वळवली की तोच दणका, तीन वेळा चेहरा आणि तीन वेळा आघात. असं संगीत वर्षानुवर्षं ऐकलं, की ज्या ठिकाणी कोणी सांगत नाही तिथे काय वाटून घ्यायचं हेच कळेनासं होतं. घरात वाढती मुलं असतील तर त्यांच्यासाठी तरी हा कान वेगळा जपावा.

मोठ्या वाद्यवृंदाचं हे शास्त्र आपल्याकडे अमेरिकेतून कालपरवा आलं असंही समजू नका. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ते आणलं गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी मुंबईत आली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकाराने सुचवलेल्या चालीला व्हायोलिन कुठे, चेलो कुठे, हे कागदावर उतरवायचं काम त्यांनी केलं आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं पडद्यावर कधी मोठ्या अक्षरांत आली नाहीत. गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. प्यारेलालना व्हायोलिनही त्यांनीच शिकवलं. पुढे लंडन आणि पॅरिसला शिकून आलेले वनराज भाटिया श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’, ‘भूमिका’सारख्या चित्रपटांना संगीत देऊ लागले आणि थोडक्यात खूप सांगण्याचं हे वळण हिंदीत पक्कं झालं. ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला, म्हणून मराठी प्रेक्षकाने तो आवर्जून या कानाने पाहावा.

मराठीत या वाटेवरचं मोठं नाव भास्कर चंदावरकर. रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कित्येक पिढ्यांना संगीत शिकवलेले, ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सामना’चे संगीतकार. ‘श्वास’ला संगीत त्यांचंच. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेला नातू आणि शस्त्रक्रियेआधी त्याला जग दाखवायला दवाखान्यातून घेऊन जाणारे आजोबा, ही गोष्ट अशी आहे की संगीतकाराला मोह आवरणं कठीण. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीला मिळालं ते याच चित्रपटाने. आजोबा आणि नातू शहरात हिंडतात तो भाग निवडा. शहराचे आवाज किती आहेत आणि संगीत किती, याचं टिपण करा. ज्याची दृष्टी जाणार आहे त्या मुलाला पुढे याच आवाजांवर जगायचं आहे, हे मनात ठेवून ते आवाज ऐका.

त्यानंतर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. संगीत नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांचं. टेलर स्वतः व्हायोला वाजवतात, म्हणजे वर ज्या वाद्याला सगळ्यात अवघड म्हटलं त्याच्यावर कान लावायला ही जागा चांगली. वडील गेलेला मुलगा चिन्मय, बदलीची नोकरी करणारी आई, कोकणातला पाऊस. मित्र निघून गेल्यावर चिन्मय किल्ल्यात एकटा राहतो, तो प्रसंग आवाज बंद, डोळे बंद आणि सगळं चालू अशा तिन्ही प्रकारे पाहावा.

गप्पा मारताना एक पथ्य पाळा. ‘संगीत छान होतं’, ‘डोळ्यांत पाणी आलं’ यावर थांबू नका. संगीताने काय केलं ते क्रियापदात सांगा : थांबून राहिलं, पात्राच्या मागे रेंगाळलं, पुढे निघून गेलं, संवादाला वाट दिली, दार लोटल्यावर तुटलं. आमच्या बैठकीत असं बोलायला लागल्यापासून ज्यांना संगीतातलं काही कळत नाही असं स्वतःबद्दल वाटायचं, ते लोक सगळ्यात जास्त बोलतात. रागाचं नाव, वाद्याचं नाव चुकलं तरी बिघडत नाही. जिथे आलं आणि जिथे गेलं ते बरोबर सांगता आलं पाहिजे.

चित्रपट संपला की श्रेयनामावली चालू द्या. ओटीटीवर ती कोपऱ्यात ढकलून पुढचा कार्यक्रम सुरू होतो, तो थांबवा. संवादांच्या खाली दबलेली धून बरेचदा तिथे पहिल्यांदा पूर्ण ऐकायला मिळते आणि वादकांची नावंही तिथेच असतात.

शेवटी, जमेल तेव्हा एकदा खरा वाद्यवृंद समोर बसून ऐका. मुंबईला एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याचे कार्यक्रम ठरावीक हंगामांत होतात, तारखा आधी पाहून मग सावेडीहून गाडी काढा. शक्यतो बाजूची पण पुढची जागा घ्या, म्हणजे एकाच वेळी सरकणारे गज दिसतात. आणि तिथे गेल्यावर वाजवणाऱ्यांइतकंच न वाजवणाऱ्यांकडे पाहा. ओबोवाला मध्येच बराच वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसतो, स्वरलिपीवर नजर ठेवून विराम मोजत असतो, आणि आपले चार स्वर वाजवून पुन्हा मोजायला लागतो.